जुन्या कन्सोलचे रिमोट: ओरिजिनल की डुप्लिकेट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी रिमोट म्हणतं, कुणी पॅड, कुणी कंट्रोलर. खाली तिन्ही शब्द आलटून पालटून येतील, वस्तू एकच. असे पॅड खोलायचं वेड मला बऱ्याच वर्षांपासून आहे, त्यामुळे उत्तरांत थोडा पक्षपात सापडेल. तो लपवलेला नाही.

जे ओरिजिनल नाही ते सगळं डुप्लिकेटच ना?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. निन्टेंडो, सेगा, सोनी यांनी स्वतः काढलेला तो ओरिजिनल. काही पॅड त्यांच्या परवान्याने दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेले असतात, उदाहरणार्थ होरी या जपानी कंपनीचे कितीतरी पॅड, किंवा रेट्रो-बिटने सेगाच्या परवान्याने काढलेले मेगाड्राइव्ह आणि सॅटर्नचे पॅड. त्यांना डुप्लिकेट म्हणणं अन्यायाचं होईल. एटबिटडूसारख्या कंपन्या स्वतःच्या नावाने माल विकतात आणि बरावाईट जो असेल त्याची जबाबदारी घेतात. मग येतो बिननावाचा: साचा हुबेहूब, नाव कुठेच नाही. आणि त्याचाच सख्खा भाऊ, ज्याच्यावर मूळ कंपनीचा शिक्का बिनदिक्कत छापलेला असतो.

बिननावाच्या पॅडशी माझं वैर नाही. तो निदान खोटं बोलत नाही. चीड येते ती शिक्केवाल्याची, कारण आतला माल तोच आणि किंमत मात्र ओरिजिनलच्या आसपासची. खाली ‘डुप्लिकेट’ म्हटलं की हे शेवटचे दोन समजा.

दिसायला सारखाच आहे, मग हातात घेतला की वेगळा का लागतो?

मी एकदा सुपर निन्टेंडोचा एक ओरिजिनल आणि एक बिननावाचा पॅड खोलून, जुन्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी मांडले. वरची कवचं अदलाबदल केली असती तर ओळखू आली नसती. खालच्या बाजूला मात्र दोघांचं गोत्रच वेगळं.

सगळ्यात आधी डी-पॅड, म्हणजे दिशांचं ते अधिक चिन्हाचं बटण. ते निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या ‘डाँकी काँग’ गेम अँड वॉच या हातात धरून खेळायच्या छोट्या खेळासाठी घडवलं. त्याची सगळी गंमत मधल्या टेकूत आहे. बटणाच्या पोटात मधोमध एक उंचवटा असतो आणि बटण त्याच्यावर सी-सॉसारखं डुलतं. डावी बाजू दाबली की उजवी आपोआप वर उचलली जाते, त्यामुळे डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं जाणं जवळजवळ अशक्य. माझ्या बिननावाच्या पॅडात हा उंचवटा होता, पण इतका बुटका की पाटीला, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डला, टेकतच नव्हता. अख्खं बटण लिफ्टसारखं सरळ खाली जात होतं.

याचा खेळताना काय त्रास? टेट्रिसमध्ये तुकडा डावीकडे न्यायला जाता आणि तो खालीही सुटतो, कारण अंगठा जरासा कलला की ‘खाली’ पण लागतं. स्ट्रीट फायटर २ मध्ये खाली, खाली-पुढे, पुढे आणि पंच ही साधी चाल दहापैकी चार वेळा फसते आणि आपण स्वतःच्या अंगठ्याला दोष देत बसतो. विरुद्ध दिशा एकदम लागल्या तर आणखी तमाशा. १९८७ च्या ‘झेल्डा २’मध्ये डावं-उजवं एकदम दाबलं की नायक लिंक भलत्याच वेगाने सुसाट सुटतो. असं कधी होईल हे तो खेळ लिहिणाऱ्यांनी धरलेलंच नव्हतं, कारण त्यांच्या पॅडवर ते होतच नव्हतं.

दुसरी गोष्ट रबर. बटणाखाली सिलिकॉनचा छोटा घुमट असतो, त्याच्या आत कार्बनची काळी टिकली. घुमट दबून ‘टप’ करून बसतो, टिकली पाटीवरच्या दोन पट्ट्या जोडते, बटण लागलं. घुमटाची भिंत किती जाड, कुठे मोडते, किती जोराने परत उसळी घेते, यावरच अंगठ्याला जे जाणवतं ते सगळं ठरतं. डुप्लिकेटमध्ये हे रबर एक तर टायरसारखं टणक असतं, तासाभरात अंगठा दुखायला लागतो, नाहीतर इतकं लेचंपेचं की बटण लागलं की नाही ते पडद्याकडे बघूनच कळतं.

न खोलता हे कसं तपासायचं?

डी-पॅडच्या बरोबर मध्यावर अंगठा ठेवून सरळ खाली दाबा. चांगल्या पॅडचं बटण जागचं फारसं हलत नाही. खाली बसलं तर टेकू नाही किंवा झिजलेला आहे असं समजा. मग अंगठा न उचलता गोल फिरवा. प्रत्येक दिशेला एक हलका ठोका जाणवला पाहिजे. शेवटी कान लावून हलवा. आत खुळखुळलं तर तुटलेल्या प्लास्टिकचा तुकडा असतो, पण प्लेस्टेशनच्या डुअलशॉकसारख्या पॅडमध्ये व्हायब्रेशनच्या मोटर असतात, त्यांचा थोडा आवाज चालतो.

मग डुप्लिकेट कंपन्यांनी आतलं सर्किटही भलतंच बनवलंय का?

गंमत अशी की तिथे त्या फारशा चुकत नाहीत. १९८३ च्या फॅमिकॉमपासून (निन्टेंडोचा जपानमधला कन्सोल, बाहेर तोच एनईएस) निन्टेंडोच्या पॅडचं काम अगदी साधं होतं. एनईएसच्या पॅडमध्ये ४०२१ नावाची शिफ्ट रजिस्टरची चिप असते, तीही बाजारात सहज मिळणारी. कन्सोल ‘लॅच’च्या तारेवर इशारा देतो, चिप त्या क्षणी आठही बटणांची स्थिती टिपून घेते, आणि मग ‘क्लॉक’च्या प्रत्येक ठोक्याला एकेक बटण सांगत जाते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. सुपर निन्टेंडोत हाच प्रकार सोळा ठोक्यांचा, त्यातली बारा बटणं. याची नक्कल करायला कुणी विद्वान लागत नाही.

बारीक फरक मात्र राहतात. आठ बटणं सांगून झाल्यावरही कन्सोलने विचारत राहिलं तर ओरिजिनल एनईएस पॅड ‘१’ म्हणत राहतो, काही नकली ‘०’ म्हणतात. नेहमीच्या खेळांत याने काही अडत नाही.

थोडक्यात, डिजिटल बटणांच्या जमान्यातले डुप्लिकेट विजेच्या बाबतीत बहुधा बरोबर आणि प्लास्टिक-रबराच्या बाबतीत चूक असतात. अ‍ॅनालॉग काठी, म्हणजे किती ढकलली तेही सांगणारी, आली आणि गणित बदललं.

डुप्लिकेट लावल्याने कन्सोल जळू शकतो का?

त्याच कन्सोलसाठी बनवलेला असेल तर भीती फार कमी. धोका आहे तो ९ पिनांच्या प्लगमध्ये, कारण एकाच आकाराचा प्लग अनेकांनी वापरला आणि प्रत्येकाने तारा आपापल्या मनाने जोडल्या. अटारी २६०० मध्ये ५ व्होल्ट ७ नंबरच्या पिनवर असतात. सेगा मेगाड्राइव्हमध्ये ते ५ नंबरवर, आणि ७ नंबरवर कन्सोल पॅडला ‘आता बटणांचा दुसरा गट सांग’ असं सुचवतो. म्हणून मेगाड्राइव्हचा पॅड त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरांना, उदाहरणार्थ कमोडोर ६४ ला, थेट लावू नका. पोर्टमागच्या चिपला इजा होऊ शकते.

फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या कन्सोलांचे रिमोटही बरेचदा ९ पिनांचे असतात, आणि त्यांच्यात तर आपसांतही एकमत नाही. एका नकली कन्सोलचा रिमोट दुसऱ्यात चालेलच असं नाही, आणि मेगाड्राइव्हमध्ये तर खुपसूच नका. प्लग बसला म्हणजे जमलं, असा हिशोब इथे नाही. हातात मल्टिमीटर असेल तर लावण्याआधी ५ व्होल्ट आणि ग्राउंडची पिन तपासायला दोन मिनिटं लागतात.

मेगाड्राइव्हला तीन बटणांचा घ्यावा की सहा?

सहा. १९९३ च्या आसपास सहा बटणांचा पॅड आला तो स्ट्रीट फायटरसारख्या खेळांमुळे. तीन बटणांवर तो खेळायचा तर पंच आणि किक यांच्यात जाण्यासाठी स्टार्ट दाबत राहावं लागतं. काही जुने खेळ मात्र सहा बटणांच्या पॅडवर गोंधळतात. त्यासाठी ‘मोड’ बटण दाबून धरून कन्सोल सुरू केला की पॅड तीन बटणांचा असल्यासारखा वागतो. डुप्लिकेट घेताना हे मोड बटण खरोखर चालतं का ते बघा. काहींत ते नुसतं शोभेला असतं.

निन्टेंडो ६४ ची काठी लुळी पडली आहे. नकली काठी टाकू का?

या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः दोनदा बदललं आहे.

१९९६ च्या या पॅडची काठी आजच्यासारखी नाही. तिच्याखाली खाचा असलेल्या दोन चकत्या फिरतात, त्यांच्या एका बाजूला इन्फ्रारेड दिवा आणि दुसऱ्या बाजूला सेन्सर. किती खाचा सरकल्या ते मोजून कन्सोलला काठी कुठे आहे ते कळतं. मोजणी उत्तम, पण काठीचं बूड प्लास्टिकच्या वाटीत घासत राहतं. खोलून पाहिलंत तर वाटीत पिठासारखी पांढरी भुकटी दिसेल. ती तुमची झिजलेली काठीच. ‘मारिओ पार्टी’त तर काठी गरागरा फिरवायचे छोटे खेळ होते, लोक तळहाताने फिरवू लागले, साली निघाल्या, आणि शेवटी २००० साली निन्टेंडोने अमेरिकेत ग्राहकांना हातमोजे द्यायचं कबूल केलं. तळहात भरून आले, काठ्या नाही.

आता नकली बदली काठ्या. त्यातल्या बऱ्याच निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलच्या, गेमक्यूबच्या धाटणीच्या, आत पोटेन्शिओमीटर (फिरवला की विजेचा रोध बदलणारा भाग) असलेल्या. हाताला घट्ट, छान लागतात. पण मूळ काठी पूर्ण ढकलल्यावर साधारण ८० च्या आसपासचा आकडा पाठवते आणि खेळ त्याच हिशोबाने बांधलेले आहेत. नकली काठी निम्म्या वाटेतच तिथे पोचते. मग ‘गोल्डनआय’मध्ये नेम धरताना बंदूक लक्ष्याच्या या बाजूहून त्या बाजूला उड्या मारते. मारिओचं हळूहळू चालणं तर विसराच.

माझा आजचा क्रम असा: आधी मूळ काठी साफ करा. मग फक्त वाटी आणि काठी हे दोन भाग नवे मिळत असतील तर ते बदला आणि मूळ चकत्या, मूळ सेन्सर ठेवा. संपूर्ण नकली काठी हा शेवटचा पर्याय, आणि तोही आकडा कमी-जास्त करायची सोय असेल तरच. आणि हो, काठी आपोआप एका बाजूला जात असेल तर घाबरण्याआधी ती मोकळी सोडून एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा. कन्सोल सुरू होताना काठीला हात लागलेला असला तर तोच मध्य धरला जातो; या तीन बटणांनी मध्य पुन्हा ठरतो.

प्लेस्टेशनच्या डुअलशॉकमध्ये फरक जाणवतो का?

पहिल्या डुअलशॉकमध्ये, म्हणजे १९९७ च्या, फरक मुख्यतः काठ्यांचा आणि व्हायब्रेशनचा. डुप्लिकेटची काठी मध्यावर थोडी मेलेली असते आणि मग एकदम जागी होते. त्यात प्लेस्टेशनचा पॅड नुसता बटणं सांगत नाही, तो कन्सोलशी चक्क बोलतो: मी कोण, माझ्यात काय काय आहे, आता अ‍ॅनालॉगमध्ये जाऊ का. हे संभाषण अर्धवट उचलणारे नकली पॅड काही खेळांत ऐन वेळी मुके होतात.

प्लेस्टेशन २ चा डुअलशॉक २ (सन २०००) ही मात्र वेगळीच जात. दिशा, चार मुख्य बटणं आणि वरची चार, अशी बारा बटणं दाब ओळखतात. ‘ग्रान तुरिस्मो ३’मध्ये एक्स हलकेच दाबलं तर गाडी हलकेच वेग घेते. ‘मेटल गियर सॉलिड २’मध्ये रोखलेलं पिस्तूल गोळी न झाडता खाली घ्यायचं तर चौकोनाचं बटण हळूहळू सोडावं लागतं. बऱ्याच डुप्लिकेटमध्ये बटण एक तर पूर्ण दाबलेलं किंवा मुळीच नाही. तिथे पिस्तूल खाली घ्यायला गेलात की गोळी सुटते आणि पहारेकरी धावत येतात. या कन्सोलसाठी जुना का होईना, ओरिजिनलच घ्या.

गेमक्यूब आणि ड्रीमकास्टचं काय?

गेमक्यूबचे एल-आर दोन टप्प्यांचे असतात: आधी हळूहळू दबत जातात आणि तळाला स्वतंत्र ‘क्लिक’. ‘सुपर मारिओ सनशाइन’मध्ये अर्धा दाब म्हणजे पळत पळत पाणी उडवा, पूर्ण क्लिक म्हणजे एका जागी उभं राहून नेम धरा. डुप्लिकेटमध्ये हे दोन टप्पे एकमेकांत मिसळतात. निन्टेंडोने २०१४ आणि २०१८ मध्ये हे पॅड पुन्हा काढले होते, तेव्हा ‘ओरिजिनल म्हणजे वीस वर्षं जुनाच’ असं इथे नाही.

सेगाच्या ड्रीमकास्टच्या पॅडची काठी चुंबक आणि त्याची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरवर चालते, घासणारं काही नाही. म्हणून जुने ओरिजिनलही बहुधा ठणठणीत सापडतात. नकली घ्यायचं कारणच नाही.

डुप्लिकेटला लॅग येतो, म्हणजे बटण उशिरा लागतं म्हणतात. खरं का?

तारेचा, थेट कन्सोलला लागणारा असेल तर जवळजवळ नाहीच. खेळ बहुधा दर फ्रेमला एकदा पॅडला विचारतो, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबात दर १६.७ मिलिसेकंदांनी, आणि पॅड त्यापेक्षा फारच लवकर उत्तर देतो. यूएसबीच्या स्वस्त पॅडांची गोष्ट वेगळी. त्यातल्या बऱ्याच जणांना कॉम्प्युटर ८ ते १० मिलिसेकंदांनी एकदा विचारतो, तो वेळ भरीला पडतो. तरी पॅड बदलण्याआधी टीव्हीचा ‘गेम मोड’ लावून बघा. बहुतेक वेळा चोर टीव्ही निघतो.

सेकंडहँड घेताना ओरिजिनल कसा ओळखायचा?

पाठ बघा. निन्टेंडो मॉडेल नंबर साच्यातच घालतं: एनईएसच्या पॅडवर एनईएस-००४, सुपर निन्टेंडोवर एसएनएस-००५ (जपानी असेल तर एसएचव्हीसी-००५), निन्टेंडो ६४ वर एनयूएस-००५, गेमक्यूबवर डीओएल-००३. डुअलशॉकवर एससीपीएच-१२००, डुअलशॉक २ वर एससीपीएच-१००१०. नुसता नंबर मात्र पुरावा नव्हे, तो छापता येतो. अक्षरांच्या कडा धारदार आहेत की वितळल्यासारख्या, ते बघा.

माझी आवडती खूण अमेरिकन सुपर निन्टेंडोची. त्यात ए आणि बी फुगीर, एक्स आणि वाय खोलगट. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं. नकली करणारे बरेचदा चारही सारखीच करतात. जपानी आणि युरोपी पॅडवर चारही फुगीरच असतात, तेव्हा रंगीत बटणांचा पॅड या एका कारणावरून नाकारू नका. गेमक्यूबच्या ओरिजिनलला तीन पात्यांचे स्क्रू असतात. साधे चौफुली दिसले तर निदान कुणीतरी आत हात घातलेला आहे.

पिवळा पडलेला असेल तर मी उलट खूश होतो. त्या काळच्या प्लास्टिकमध्ये आग न लागण्यासाठी ब्रोमीनयुक्त रसायन असे, आणि असं प्लास्टिक वर्षानुवर्षांच्या उजेडात पिवळं पडतं.

ओरिजिनल आहे पण बटणं नीट लागत नाहीत. फेकू की नवा डुप्लिकेट घेऊ?

आधी खोला. माझ्या हाताखालून गेलेल्या ‘मेलेल्या’ पॅडांपैकी बहुतेकांना दोनच रोग होते. पहिला मळ: पाटीवर आणि टिकलीवर साचलेला चिकट थर. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कानाच्या काडीने पाटी पुसायची, टिकली मात्र हलक्या हाताने, घासून कार्बनच काढून टाकायचा नाही. प्लास्टिक आणि रबर साबणाच्या कोमट पाण्यात, मग पूर्ण वाळेपर्यंत बाहेर.

दुसरा रोग तार. ती बहुधा पॅडमधून बाहेर पडते तिथेच आतून तुटते, कारण खेळून झाल्यावर सगळेच तार पॅडभोवती करकचून गुंडाळतात. तार त्या जागी वाकवून धरल्यावर पॅड चालू-बंद होत असेल तर निदान झालं. तेवढा तुकडा कापून उरलेली तार पुन्हा सोल्डर करा. रंगांवर भरवसा न ठेवता प्रत्येक तार मल्टिमीटरने प्लगपर्यंत तपासा. मी एकदा ‘काळी म्हणजे ग्राउंडच असणार’ म्हणून पुढे गेलो होतो. नव्हती.

नवं रबर मिळतं, ते टाकलं तर चालेल?

चालेल, पण तेही डुप्लिकेटच असतं आणि बरेचदा जुन्यापेक्षा टणक. मूळ रबर फाटलेलं नसेल तर धुऊन तेच ठेवा.

एक्स्टेंशन वायर लावल्यापासून एनईएसची टीव्हीवर रोखायची बंदूक चालत नाही.

एनईएसच्या प्लगमध्ये ७ पिना असतात, पण साध्या पॅडला ५ च लागतात. स्वस्त एक्स्टेंशनमध्ये पाचच तारा घातलेल्या असतात. झॅपर बंदूक नेमकी उरलेल्या दोन वापरते. आणि टीव्ही सपाट पडद्याचा असेल तर एक्स्टेंशन काढूनही ती चालणार नाही, तिला जुना काचेच्या नळीचा टीव्हीच लागतो.

टर्बो बटणवाला घ्यावा का?

टर्बोत बटण दाबून धरलं की ते आपोआप भराभर लागत राहतं, गोळीबाराच्या खेळांना मजा येते. फक्त टर्बोचा खटका चुकून चालू राहत नाही ना ते बघा. ‘उडी नीट लागत नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा त्यामुळेच असते.

मग डुप्लिकेट कधीच घेऊ नये?

मी घेतो. दुसऱ्या खेळाडूसाठी, लहान मुलांच्या हातात द्यायला, प्रवासात न्यायला. शिवाय सुट्या भागांसाठी: नकलीचा धड प्लग आणि लांब तार काढून ओरिजिनलला जोडलेली माझ्याकडे दोन उदाहरणं आहेत. उलटं, म्हणजे ओरिजिनलचं रबर नकलीत टाकून तो सुधारायचा प्रयत्नही केला. बटणं छान झाली, डी-पॅड तसाच राहिला, कारण टेकू काही रबराबरोबर येत नाही.

पॅड खोलायची भीती वाटते. पुन्हा जुळला नाही तर?

एनईएसचा घ्या, सहा स्क्रू आणि आत जेमतेम चार-पाच भाग. सुपर निन्टेंडोचे पाच स्क्रू, फक्त एल-आरच्या छोट्या पाट्या कशा बसल्या होत्या त्याचा फोटो काढून ठेवा. पाठ खाली नव्हे तर वर ठेवून उघडा, म्हणजे बटणं आपापल्या खड्ड्यात राहतात. आणि बंद करण्याआधी तार तिच्या खुंट्यांमधून नागमोडी बसवा. ती विसरली की कवच एका कोपऱ्यात मिटत नाही आणि माणूस स्क्रू आवळून प्लास्टिक फोडतो.